गुलमर्ग: रोजचा बर्फाचा रिपोर्ट आणि हवामानाचा अंदाज कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा: "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे पुण्याहून पाच दिवस गुलमर्गला स्कीइंगसाठी जातोय. दोघे अगदी नवखे, तिसऱ्याने ऑस्ट्रियात दोन हंगाम स्कीइंग केलंय. एक अ‍ॅप मंगळवारी ३५ सेंटीमीटर बर्फ दाखवतं, दुसरं ८. हॉटेलवाला म्हणतो, 'बेस (जमिनीवर साचलेला बर्फ) ११० सेंटीमीटर आहे, काळजी नको.' खरं कुणाचं मानायचं? आणि रोज सकाळी नेमकं बघायचं तरी काय?"

दोन्ही अ‍ॅप बरोबर असू शकतात आणि हॉटेलवालाही खोटं बोलत नसेल. तिघे तीन वेगळ्या जागांबद्दल बोलताहेत, एवढंच. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा फेज वन तुम्हाला कोंगदूरीला जवळपास ३,०८० मीटरवर सोडतो. दुसरा टप्पा, फेज टू, तिथून अफरवट डोंगराच्या कड्याखाली ३,९५० मीटरच्या आसपास नेतं. एका ठिकाणाचं नाव, पण उंचीत तेराशे मीटरचा फरक. तेव्हा 'किती बर्फ पडेल?' हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या उंचीवर, किती वाजता आणि कुठल्या वाऱ्यात, हे जोडलं की तो पूर्ण होतो. शिवाय उत्तर स्कीइंग कोण करणार यावरही अवलंबून आहे. तुमच्या नवख्या दोघांचा चांगला दिवस आणि ऑस्ट्रियावाल्या मित्राचा चांगला दिवस बहुतेक वेळा एकच नसेल.

आधी आकडे. उंचीनुसार हवा सरासरी दर १०० मीटरला ०.६५ अंशाने थंड होते. हवामानाचं मॉडेल, म्हणजे अंदाजामागचा संगणकी हिशोब, डोंगराला चौकोनांत कापून प्रत्येक चौकोनाची सरासरी उंची धरतं. जागतिक मॉडेलमधले हे चौकोन ९ ते १३ किलोमीटर रुंद असतात. तेवढ्या जागेत पायथ्याच्या तंगमर्गचं जंगलही येतं आणि अफरवटचा कडाही. म्हणून मी अ‍ॅपमधलं तापमान वाचण्याआधी त्याने धरलेली उंची शोधतो. बहुतेक चांगल्या अ‍ॅपमध्ये ती पानाच्या कोपऱ्यात दिलेली असते. समजा अ‍ॅपने ३,२०० मीटर धरलेत आणि तापमान उणे ५ दिलंय. गुलमर्ग ५५० मीटर खाली, म्हणजे तिथे साडेतीन अंश जास्त, उणे दीडच्या आसपास. अफरवट ७५० मीटर वर, म्हणजे पाच अंश कमी, उणे १०. अंदाज तोच, पण खाली चिकट बर्फ आणि वर कोरडी पावडर.

आता ३५ आणि ८ चा घोळ. मॉडेल मुळात बर्फ मोजत नाही, पाणी मोजतं, मिलिमीटरमध्ये. त्याचे सेंटीमीटर करताना अ‍ॅप एक गुणोत्तर लावतं. ढोबळ हिशोब १ मिलिमीटर पाण्याला १ सेंटीमीटर बर्फ असा. हवा शून्याच्या जवळ असेल तर त्याच पाण्याचा जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर होतो, उणे १० ला दीड आणि कधी त्याहूनही जास्त. १८ मिलिमीटर पाणी पडलं तर गुलमर्गच्या मैदानात ११-१२ सेंटीमीटर ओला बर्फ आणि वर २५-२७ सेंटीमीटर हलका, असं सहज होतं. एका अ‍ॅपने शिखराची उंची धरली, दुसऱ्याने गावाची, आणि वर दोघांच्या मॉडेलमध्ये थोडा फरक असला की तुम्ही पाहिलेत तसे आकडे येतात. म्हणून सेंटीमीटरचा रकाना सोडा, पाण्याचा बघा. दोन मॉडेलमध्ये पाणी सारखं येत असेल तर अंदाजावर विश्वास ठेवता येतो, मग बर्फाचे आकडे कितीही वेगळे दिसोत. पाण्यातच दुप्पट-तिप्पट फरक असेल तर अजून काही ठरलेलं नाही असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.

'फ्रीझिंग लेव्हल' नावाची ओळ असते तीही सोडू नका. शून्य अंश कुठल्या उंचीवर आहे ते ती सांगते. पडणारा बर्फ त्या उंचीखाली साधारण ३०० मीटरपर्यंत वितळता वितळता तग धरतो. ही ओळ २,४०० मीटरच्या खाली असेल तर गुलमर्गला निवांत बर्फ, पावसाची भीती नाही. २,९०० वर गेली की मैदानात गिचगिचीत बर्फ. ३,२०० च्या वर गेली की गुलमर्गला पाऊस, आणि बर्फ बघायला फेज वन पकडायचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस क्वचित, पण अशक्य नाही. मार्चमध्ये तो नेहमीचाच.

आता अंदाज किती आधी भरवशाचा असतो ते. काश्मीरचा हिवाळी बर्फ जवळजवळ सगळा पश्चिमी प्रक्षोभांतून येतो. भूमध्य समुद्र आणि पश्चिम आशियाकडून, वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर ही प्रणाली पूर्वेकडे सरकत येते. हिवाळ्यात महिन्याला अशा चार-सहा प्रणाली येतात, पण त्यातल्या निम्म्या नुसते ढग दाखवून निघून जातात. प्रणाली येणार आहे हे मॉडेलला पाच-सहा दिवस आधी दिसतं. ती गुलमर्गच्या पीरपंजाल रांगेवर थेट आदळेल की उत्तरेला लडाखकडे सरकेल हे तीन दिवस आधी कळू लागतं. पाण्याचा आकडा मी शेवटच्या ४८ तासांतच गंभीरपणे घेतो. दहा दिवस आधी 'तुमच्या तारखांना ६० सेंटीमीटर' असं कुणी दाखवलं तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या आठवड्यात एक प्रणाली येण्याची शक्यता आहे.

चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबर ते ३० जानेवारीचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, तुमच्या सहलीआधीच संपलेले असतील. नंतरच्या वीस दिवसांच्या चिल्लई खुर्दमध्ये तुम्ही पोचाल. कॅलेंडरच्या हिशोबाने हा काळ चांगला आहे, पण बर्फ कॅलेंडर वाचत नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचे सुरुवातीचे आठवडे गुलमर्ग जवळजवळ उघडं होतं. महिना संपता संपता बर्फ पडला आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही पार पडल्या. पुढच्या वर्षी उलट झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. म्हणून तारखा ठरवताना मी लोकांना एवढंच सांगतो, की पाच दिवस स्कीइंग हवं असेल तर सात दिवस हातात ठेवा.

वाऱ्याकडे नवखे लोक बघतच नाहीत. गुलमर्गला दिवस वाया जाण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. गावात झाडाचं पान हलत नसतं आणि फेज टू वाऱ्यामुळे बंद असतं. जमिनीलगतच्या वाऱ्याचा आकडा इथे निरुपयोगी आहे. वरच्या थरांतला वारा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ६०० हेक्टोपास्कलची (हवेच्या दाबाची) पातळी निवडा. ती साधारण ४,२०० मीटरवर असते, म्हणजे अफरवटच्या माथ्यापाशी. कोंगदूरीसाठी ७०० ची पातळी चालते, ती ३,००० मीटरच्या आसपास. ६०० वर ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा दिसला तर मी दुसऱ्या दिवसाची आखणी फेज टू सोडून करतो. चालू राहिलं तर बोनस. वर उणे १० तापमान आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा एकत्र आले की उघड्या कातडीला ते उणे २१ सारखं लागतं. बोटं आणि नाकाचा शेंडा वीस-पंचवीस मिनिटांत बधिर व्हायला लागतात.

वारा बर्फाचं काय करतो, ते जास्त महत्त्वाचं. ताशी २५-३० किलोमीटरच्या पुढे गेला की तो सैल पडलेला बर्फ उचलून कड्याच्या पलीकडे टाकतो. प्रणाली येताना इथे वारा बहुतेक नैऋत्य बाजूचा असतो आणि गोंडोलाची बाजू साधारण ईशान्येकडे तोंड करून आहे. म्हणजे पलीकडून उचललेला सगळा बर्फ नेमका तुम्ही जिथून खाली उतरणार त्या उतारांच्या डोक्यावर साचतो. गावात २० सेंटीमीटर पडलेला असताना कड्याखालच्या घळीत मीटरभर साचलेला असू शकतो. तो नुसता जाड नसतो. वाऱ्याने दाबून दाबून त्याची एकसंध पाटी झालेली असते. वरून तिच्यावर पाय दिला तर पोकळ, ढोलासारखा आवाज येतो. स्कीच्या टोकापासून तडा सरकत जाताना दिसला तर तिथून परत फिरायचं, चर्चा नंतर.

तुमच्या ऑस्ट्रियावाल्या मित्रासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आल्प्समधल्या रिसॉर्टच्या रिपोर्टमध्ये पिस्ट, म्हणजे रात्री मशीनने दाबून तयार केलेल्या स्कीच्या वाटा, किती किलोमीटर उघड्या आहेत ते लिहिलेलं असतं. पिस्टवर राहिलात तर हिमस्खलनाचा विचार रिसॉर्टने करून ठेवलेला असतो. गुलमर्गला तसं नाही. मैदानातले शिकाऊ उतार आणि कोंगदूरीचा काही भाग दाबून तयार करतात. फेज टूच्या वरच्या स्टेशनातून बाहेर पडलात की पुढचा जवळजवळ सगळा डोंगर आहे तसाच असतो. गोंडोलाच्या तारांखालचा मुख्य कटोरा, म्हणजे वाटीसारखा उतार, स्की पेट्रोल हे गस्ती पथक तपासतं, गरज पडली तर स्फोटकं लावून बर्फ आधीच खाली पाडतं, आणि मगच फेज टू स्कीअरसाठी उघडतं. या कटोऱ्याच्या हद्दीच्या दोरीपलीकडे दोन्ही बाजूंना जे सुंदर उतार दिसतात ते कुणीही तपासलेले नसतात. तिथलं गणित तुमचं तुम्ही करायचं असतं.

म्हणूनच वादळानंतरच्या पहिल्या निळ्या सकाळी मी सगळ्यात जास्त सावध असतो. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, मैदानभर ताजा बर्फ, आणि फेज टूच्या रांगेत सगळे घाईत. अ‍ॅपवर त्या दिवशी नुसता सूर्य दिसतो. बर्फाच्या थरांनी मात्र अजून एकमेकांना धरलेलं नसतं. २४ तासांत ३० सेंटीमीटर किंवा जास्त बर्फ, सोबत वारा, आणि मग अचानक ऊन, हे तिन्ही एका ठिकाणी आले की तो दिवस मुख्य कटोऱ्याबाहेर जायचा नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही, जोवर पेट्रोलचे लोक काय म्हणतात ते ऐकलेलं नाही. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गच्या हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमधल्या प्रशिक्षणातले १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर. तिन्ही तारखा फेब्रुवारीच्याच आहेत हे लक्षात घ्या. त्या महिन्यात बर्फही भरपूर असतो आणि माणसंही.

कमी बर्फाच्या वर्षी धोका कमी असेल असं वाटतं. अनेकदा उलटं असतं. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. पृष्ठभाग रात्री उणे १५ ला जातो. बर्फ दीड मीटर जाड असेल तर हा फरक दीड मीटरमध्ये पसरतो, पण थर फक्त ५० सेंटीमीटर असेल तर तोच फरक अर्ध्या मीटरमध्ये येतो. मीटरला १० अंशांपेक्षा जास्त फरक पडला की आतली वाफ वर सरकते आणि खालच्या बर्फाचे कण सुटे, टोकदार, साखरेच्या दाण्यांसारखे होतात. मुठीत दाबून गोळा होत नाही, ओंजळीतून ओघळतो. जानेवारी कोरडा गेला आणि फेब्रुवारीत अचानक ६० सेंटीमीटर पडला, तर ती नवी पाटी या सुट्या दाण्यांवर टेकलेली असते. तो कमकुवत थर आठवडे टिकतो. 'बर्फ पडून चार दिवस झाले, आता बसला असेल' हा हिशोब अशा वर्षी चालत नाही. म्हणून निघण्याआधी फक्त पुढचा अंदाज बघू नका, मागच्या सहा आठवड्यांत बर्फ कधी कधी पडला तेही बघा. दर आठवड्याला थोडा थोडा पडत गेलेला हंगाम आणि एकदम कोसळलेला हंगाम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिमस्खलनाचा अंदाज डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हानिहाय काढते आणि तो जम्मू-काश्मीरच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत जाहीर होतो. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. तो इशारा पूर्ण जिल्ह्यातल्या ठरावीक उंचीवरच्या भागासाठी असतो, एका उताराबद्दल काही सांगत नाही. धोक्याचे पाच स्तर असतात. लोक चौथ्या-पाचव्याला घाबरून घरात बसतात आणि तिसऱ्याला 'मध्यमच तर आहे' म्हणून निघतात. युरोपातल्या अपघातांमध्ये सगळ्यात जास्त मृत्यू तिसऱ्या स्तरालाच होतात. तिसऱ्या स्तराला मी ३० अंशांपेक्षा तीव्र उतार आणि त्यांच्या खालून जाणारी वाट, दोन्ही टाळतो. बहुतेक पाट्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. स्कीची काठी उताराच्या दिशेने बर्फावर टाकून फोनमधला उतारमापक तिच्यावर ठेवला की अंश कळतात.

दोरीबाहेर जायचंच असेल तर प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल-यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी). बीकन जॅकेटच्या खिशात नको, आतल्या कपड्यांवर पट्ट्याने बांधलेला हवा. फोन त्यापासून निदान अर्धा मीटर लांब, नाहीतर शोधताना सिग्नल गडबडतो. गाडलेल्या माणसाकडे पहिली १०-१५ मिनिटंच असतात. मदत खालून येईपर्यंत ती संपलेली असतात. सोबतचा माणूसच वाचवणारा, त्यामुळे एकाच्याच गळ्यात बीकन असून उपयोग नाही. आणि दोन हंगाम आल्प्सच्या पिस्टवर काढलेल्या माणसाने इथे स्थानिक गाइड घेतल्याशिवाय दोरी ओलांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात त्याच्या कौशल्याचा अपमान नाही. पिस्टवर वळणं घेणं आणि डोंगर वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आता हॉटेलवाल्याचा 'बेस ११०'. पहिला प्रश्न: कुठे मोजला? मैदानात, कोंगदूरीला की वर? दुसरा: कधी? ताजा पडलेला बर्फ पहिल्या दिवसातच चांगला खाली बसतो, त्यामुळे वादळाच्या रात्री मोजलेला ११० दोन दिवसांनी ९० असू शकतो. नवा बर्फ मोजायची नीट पद्धत म्हणजे पांढरी फळी ठेवायची, दर २४ तासांनी मोजायचं आणि फळी साफ करून परत बर्फाच्या पातळीवर ठेवायची. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी असते. म्हणजे 'काल २० सेंटीमीटर' यात आज पहाटेचा बर्फही आला आणि काल सकाळी सातचा नाही. अ‍ॅप युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवत असेल तर साडेपाच तास मिळवा. मंगळवारी रात्री १० ला सुरू होणारा बर्फ त्यात 'मंगळवार १६:३०' असा दिसतो आणि लोक दुपारीच खोलीत येऊन बसतात.

बेसचा उपयोग एवढाच, की खालचे दगड झाकले गेलेत का ते कळावं. मैदानात गवतावर दाबलेला ३०-४० सेंटीमीटर बर्फ शिकायला पुरतो. अफरवटच्या उतारांवर मोठे धोंडे आणि झुडपं आहेत, तिथे मीटर-सव्वा मीटरच्या खाली मी भाड्याच्या स्कीसुद्धा नेत नाही. खाली बाबारेशी किंवा ड्रंगच्या जंगलातून उतरायचं असेल तर २,२०० मीटरपर्यंत पुरेसा बर्फ हवा. तो दरवर्षी फार थोडे दिवस असतो.

तर रोज बघायचं काय? संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं: दोन मॉडेलमधलं पाणी, फ्रीझिंग लेव्हल, ६०० च्या पातळीवरचा वारा, हिमस्खलनाचा इशारा. मॉडेलचा ताजा हिशोब (रन) आपल्याकडे दुपारनंतर मिळतो, त्यामुळे सकाळचा स्क्रीनशॉट संध्याकाळी वापरू नका. त्यावरून दोन बेत करून ठेवायचे, एक फेज टू उघडलं तर आणि एक नाही उघडलं तर. सकाळी साडेआठला अ‍ॅप बंद आणि खिडकी उघडी. कड्यावरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर वर वारा आहे, मग अंदाज काहीही म्हणो. झाडांच्या फांद्यांवर बर्फ जसाच्या तसा असेल तर रात्री वारा नव्हता. मग गोंडोलाच्या तिकीट-खिडकीपाशी कोणता टप्पा चालू, चेअरलिफ्ट चालू का, एवढं विचारायचं. फेज टू 'थोड्या वेळात' म्हटलं की त्याचा अर्थ तपासणी चालू आहे. तो थोडा वेळ दुपारी एकपर्यंतही लांबतो आणि मोठ्या वादळानंतर दोन दिवसांपर्यंत. रांगेत तीन तास गारठण्यापेक्षा कोंगदूरीच्या चेअरलिफ्टवर उतरण्या मोजाव्यात.

बर्फ पडत असताना वर जाण्यात काही अर्थ नसतो. झाडं संपतात त्या उंचीच्या वर आकाश आणि जमीन एकाच रंगाची होते आणि समोरचा खड्डा त्यात पडल्यावरच कळतो. अशा दिवशी कोंगदूरीच्या खालच्या फर-कैलच्या जंगलात राहायचं, खोडं नजरेला आधार देतात. पण खोल बर्फात झाडाच्या बुंध्याशी पोकळी असते, डोकं खाली करून त्यात अडकलं की एकट्याला बाहेर येता येत नाही. दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहून उतरायचं. गॉगलची पिवळी किंवा गुलाबी काच या दिवसासाठी, गडद काच उन्हाच्या दिवसासाठी. एकाच गडद काचेवर आठवडा काढणारे लोक ढगाळ दिवशी गॉगल कपाळावर चढवतात आणि डोळ्यांत बर्फाचे कण घेत उतरतात.

तुमच्या दोघा नवख्यांना मात्र यातलं बरंचसं लागू नाही, आणि त्यांनी ३५ सेंटीमीटरची वाटही बघू नये. गुडघाभर ताज्या बर्फात नवखा माणूस वळू शकत नाही, ब्रेक लागत नाही, पडला की उठायला पाच मिनिटं आणि स्की शोधायला दहा. त्यांचा सगळ्यात चांगला दिवस म्हणजे बर्फ पडून दोन दिवस झालेले, थंडी टिकलेली, मैदानातला उतार दाबून सारखा केलेला. रात्री आकाश मोकळं आणि दिवसा ऊन असेल तर सकाळी साडेनऊला तो उतार काचेसारखा कडक असतो. साडेदहा-अकराला वरचा सेंटीमीटरभर थर सैल होतो आणि स्कीची धार पकडायला लागते. दुपारी दोननंतर मार्चमध्ये चिखल होतो, फेब्रुवारीत बहुतेक नाही. धडा साडेदहाला सुरू करायला सांगा. इन्स्ट्रक्टर साडेनऊ म्हणाला तर त्याला दिवसात दोन तुकड्या घ्यायच्या आहेत, एवढं समजून घ्या. आणि बर्फ पडत असलेला दिवसही त्यांच्यासाठी वाया नाही. मैदानात वारा कमी असतो, आणि मऊ बर्फात आपटलं तरी लागत नाही.

शेवटी प्रवासाबद्दल, कारण हवामानाने बिघडलेल्या सहली बहुतेक रस्त्यावर बिघडतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तिघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, नाहीतर वर लिहिलेलं सगळं बघायला हॉटेलच्या वायफायपाशी बसावं लागेल. तंगमर्ग ते गुलमर्ग १३ किलोमीटरचा घाट आहे. बर्फ पडत असला की चाकांना साखळी बांधलेल्या गाड्यांनाच वर सोडतात, तुमची श्रीनगरहून आणलेली गाडी तंगमर्गला थांबते आणि पुढे स्थानिक फोर-बाय-फोर करावी लागते. त्या पैशांची तरतूद आधीच ठेवा, आणि गाडीवाल्याने 'जाईल, जाईल' म्हटलं तरी साखळ्या डिकीत आहेत का ते स्वतः उघडून बघा.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी प्रणाली येताना दिसत असेल तर शेवटचा दिवस सोडा आणि आदल्या रात्रीच श्रीनगरला मुक्कामाला उतरा. घाट बंद झाला तर विमान चुकतं. आणि घाट चालू असला तरी श्रीनगरला कमी दृश्यमानतेमुळे सकाळची विमानं रखडतात किंवा रद्द होतात. तिकीट काढताना दुपारचं विमान घ्या, आणि श्रीनगरहून सुटणारं विमान व दिल्लीहून पुण्याचं विमान एकाच तिकिटावर ठेवा. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं रद्द झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, त्यामुळे रामबनच्या बाजूला जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला तरी खाली उतरायला एक वाट राहते. कटऱ्याहून जम्मू आणि तिथून दिल्लीचं विमान, असा दुसरा बेत मनात असू द्या. वंदे भारतची जागा मात्र विमान रद्द झाल्याची बातमी येण्याआधी बघावी लागते, नंतर सगळं श्रीनगर तीच शोधत असतं.